चौदा नंबरचं घर

भारतातून कुणी पाहुणे आले की फिलाडेल्फियात काय काय दाखवायचं हे आता ठरून गेलंय. लिबर्टी बेल, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या ती इमारत, आर्ट म्युझियमच्या त्या प्रसिद्ध पायऱ्या. आणि अंधार पडला की स्कूकल नदीच्या पलीकडच्या तीरावरून दिसणारी बोटहाऊस रो. एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या जुन्या बैठ्या-दुमजली वास्तू, त्यांच्या छपरांच्या आणि खिडक्यांच्या कडांनी लावलेले दिवे, आणि खाली पाण्यात त्याच दिव्यांची दुसरी रांग. ही रोषणाई १९७९ साली पहिल्यांदा झाली आणि २०२४मध्ये सगळे दिवे नव्याने बसवले गेले. फोटो काढल्याशिवाय इथून कुणी हलत नाही.

ही घरं म्हणजे हॉटेलं किंवा बंगले असतील असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात त्यांतली बहुतेक रोइंगची, म्हणजे वल्हवण्याच्या शर्यतीची क्लबघरं आहेत. काही दीडशे वर्षांहून जुनी. म्युझियमकडून चालायला लागलं की एक, दोन, तीन असे त्यांचे क्रमांक सुरू होतात आणि पंधराव्या घराशी, दीपगृहाजवळ संपतात. मला आज सांगायचंय ते चौदाव्या घराबद्दल. रांगेत ते ठेंगणं आणि साधं दिसतं. शेजारच्या तेराव्या घराचा मनोरा आणि नक्षी एवढी देखणी आहे की नजर तिकडेच जाते. पण या रांगेतली आज उभी असलेली सर्वांत जुनी इमारत चौदाव्या क्रमांकाची, १८६० सालची. आणि १९३८पासून ती बायकांची आहे. फिलाडेल्फिया गर्ल्स रोइंग क्लब असं तिथे राहणाऱ्या संस्थेचं नाव. नावात ‘गर्ल्स’ असलं तरी स्थापना करणाऱ्या नोकरदार आणि संसारी बायका होत्या.

क्लबचा इतिहास सांगताना घराचा इतिहास सांगणं भाग आहे, आणि त्याचं कारण बोटीच्या लांबीत आहे. आठ जणांची शर्यतीची बोट, जिला इथे नुसतं ‘एट’ म्हणतात, ती साधारण अठरा मीटर लांब असते. आपली दीड एसटी बस एकामागे एक उभी केल्यासारखी. रुंदी मात्र एका माणसाला जेमतेम बसता येईल एवढी, आणि आजच्या नियमांनुसार वजन कमीत कमी ९६ किलो. एकट्याने चालवायची ‘सिंगल’ आठेक मीटरची आणि अवघी १४ किलोंची. पूर्वी या बोटी लाकडाच्या असत. लाकडाचा पापुद्रा इतका पातळ की उन्हापावसात बाहेर ठेवली तर एका मोसमात बोट कामातून जाई. म्हणजे पळायला जसे बूट घालून रस्त्यावर उतरता येतं, तसं रोइंग करता येत नाही. पाण्याला लागून छप्पर हवं, आत लांबलचक फळ्या हव्यात, बोट खांद्यावर घेऊन उतरायला धक्का हवा, आणि परतल्यावर ओले कपडे बदलायला खोली हवी. ज्याच्याकडे बोटहाऊस, त्याच्याकडे नदी. एवढं साधं गणित आहे, आणि या शहराने ते शंभरेक वर्षं फक्त पुरुषांच्या बाजूने सोडवलं.

मुळात नदी इथे शांत झाली ती पिण्याच्या पाण्यासाठी. शहराला पाणी पुरवायला फेअरमाउंटला बंधारा घातला गेला, तो १८२२च्या सुमारास पूर्ण झाला आणि त्याच्या वरच्या बाजूला काही मैल संथ पाणी तयार झालं. बंधाऱ्याजवळची ती जुनी पांढऱ्या खांबांची पाणीपुरवठ्याची इमारत आजही म्युझियमच्या पायथ्याशी आहे. या संथ पाण्यावर तरुण पुरुषांनी बोटी उतरवल्या, क्लब काढले, आणि १८५८मध्ये या क्लबांनी मिळून ‘स्कूकल नेव्ही’ ही संघटना स्थापन केली. नावात नेव्ही असलं तरी युद्धाशी तिचा संबंध नाही; हौशी खेळाडूंनी स्वतःच स्वतःसाठी नियम करून चालवलेली ही अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या संघटनांपैकी एक आहे. थॉमस ईकिन्स या फिलाडेल्फियाच्या चित्रकाराने १८७०च्या दशकात या नदीवरच्या वल्हेकऱ्यांची जी चित्रं काढली, ती आज अमेरिकेच्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. पुढे जॉन केली नावाच्या इथल्या गवंडीकाम करणाऱ्या तरुणाने १९२०च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली. अभिनेत्री ग्रेस केली ही त्याचीच मुलगी. नदीकाठचा रस्ताही केलींच्याच नावाचा, म्हणजे जॉनच्या त्याच नावाच्या मुलाच्या. हे सगळं इथल्या माणसांना पाठ असतं. यात बाई कुठेच नाही, हे मात्र बराच काळ कुणाला खटकलं नव्हतं.

इथे मला आपल्या आनंदीबाई जोशींची आठवण येते, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. आनंदीबाई १८८३मध्ये या शहरात आल्या. बोटहाऊस रोपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, नॉर्थ कॉलेज अॅव्हेन्यूवर तेव्हा विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्वेनिया होतं. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना तिथे डॉक्टरकीची पदवी मिळाली. एकविसावा वाढदिवस वीस दिवसांवर होता, आणि समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्याबरोबरचा आनंदीबाईंचा तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय, नऊवारीतला. तो याच शहरातला. आणि ज्या १८८३ साली आनंदीबाई इथे पोचल्या, त्याच साली बोटहाऊस रोवरचं ते देखणं तेरावं घर, फ्रँक फर्नेस या वास्तुरचनाकाराने उभारलेलं अनडाइन बार्ज क्लबचं, बांधून झालं.

बायकांना डॉक्टर करणारं कॉलेज या शहरात १८५०मध्ये सुरू झालं. बायकांचा रोइंग क्लब १९३८मध्ये. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षं मी मनात बरेचदा मोजते. शरीराची रचना, हृदय, फुप्फुसं, गर्भाशय यांचा अभ्यास करून पदवी घेतलेल्या शेकडो बायका या गावात होऊन गेल्या, आणि तरी बाईने जोर लावून वल्हं मारलं तर तिच्या प्रकृतीला अपाय होईल, हे मत शाबूत राहिलं. ज्ञान एका रस्त्यावर राहत होतं आणि समजूत दुसऱ्या. दोन्हींमध्ये दोनेक किलोमीटरचंही अंतर नव्हतं.

आता चौदाव्या घराकडे येते. ते मुळात बोटींसाठी बांधलेलंच नव्हतं. हिवाळ्यात ही नदी पूर्वी घट्ट गोठायची आणि अख्खं गाव बर्फावर स्केटिंगला उतरायचं. १८४९मध्ये इथे स्केटिंग करणाऱ्यांचा क्लब निघाला, अमेरिकेतला सर्वांत जुना. बर्फ फुटून माणसं पाण्यात पडायची, म्हणून या क्लबच्या सभासदांवर एक जबाबदारी होती: बर्फावर उतरताना प्रत्येकाने दोरीचं रीळ जवळ ठेवायचं आणि कुणी बुडताना दिसलं की त्याला ओढून काढायचं. १८६१मध्ये बुडणाऱ्यांना वाचवणारी एक संस्थाही त्यांच्यात विलीन झाली आणि क्लबचं नाव फिलाडेल्फिया स्केटिंग क्लब अँड ह्यूमेन सोसायटी असं लांबलचक झालं. त्यांच्यासाठी जेम्स सिडनी या वास्तुरचनाकाराने १८६०मध्ये हे दगडी घर बांधलं, इटलीतल्या खेड्यातल्या हवेलीसारखं, माथ्यावर छोटी चौकोनी छत्री असलेलं. मला या घराचा हा पहिला जन्म फार आवडतो. मौजेसाठी आलेल्या माणसांनी अनोळखी माणसाचा जीव वाचवायची तयारी अंगावर बाळगायची, ही अट घालणारे लोक कसे असतील याचा मी विचार करते.

नदीवरच्या बर्फाचा मात्र काही भरवसा नसे. एखाद्या हिवाळ्यात तो धरे, एखाद्यात नाही. बंदिस्त रिंकवर वर्षभर बर्फ तयार करता येऊ लागल्यावर नदीकाठच्या घराची गरज संपली. १९३८मध्ये स्केटिंग क्लब आर्डमोर या उपनगरात स्वतःच्या रिंकवर गेला आणि चौदावं घर रिकामं झालं.

घर रिकामं होताना पाहणारी एक बाई होती, एर्नेस्टीन बेयर.

एर्नेस्टीनचा जन्म १९०९चा. तिचा नवरा अर्नेस्ट बेयर रोइंगमधला नावाजलेला खेळाडू. १९२८च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ज्या चौघांनी रौप्यपदक मिळवलं, त्यांतला एक. तो सराव करायचा चार नंबरच्या घरातून. वल्हेकऱ्याच्या बायकोचं काम तेव्हा ठरलेलं होतं: तो पाण्यावर गेला की काठावर थांबायचं, शर्यत असली की टाळ्या वाजवायच्या. दहा वर्षं ती हे करत होती. नुसतं थांबून राहण्यात तिला रस नव्हता, पण आत शिरायला दार नव्हतं, कारण प्रत्येक दार कुठल्या ना कुठल्या पुरुषांच्या क्लबचं होतं आणि त्यांच्या फळ्यांवर बायकांच्या बोटींना जागा मिळणार नव्हती. परवानगी मागत बसण्याऐवजी तिने घर पाहिलं. स्केटिंग क्लबकडून ते भाड्याने घ्यायचं ठरवलं, बरोबरीच्या बायका गोळा केल्या आणि मे १९३८मध्ये सतरा जणींनी मिळून क्लब स्थापन केला. यातल्या कित्येकींचे नवरे किंवा मित्र आजूबाजूच्या क्लबांमधून वल्हवणारे होते. एर्नेस्टीन पहिली अध्यक्ष झाली.

मला या गोष्टीतलं सर्वांत हुशारीचं पाऊल हेच वाटतं. तिने पुरुषांच्या एखाद्या क्लबात महिला विभाग मागितला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करणं अवघड नाही. सकाळची चांगली वेळ त्यांची, उरलेली आपली. नवी बोट त्यांची, डागडुजी केलेली आपली. आणि एखाद्या वर्षी पैसे कमी पडले की पहिली कात्री महिला विभागाला. स्वतःचं भाडं भरलं, स्वतःची किल्ली घेतली, म्हणून पुढची सगळी वर्षं तगता आलं. आपल्याकडेही ज्या बायकांच्या संस्था टिकल्या, त्यांचा इतिहास काढून पाहा. बहुतेक ठिकाणी कुणीतरी सुरुवातीलाच जागेचा प्रश्न सोडवलेला असतो.

शेजारचं पंधरावं घरही बायकांचंच आहे, हे सांगायला हवं. सेजली क्लब हे त्याचं नाव. १८९७मध्ये सायकल चालवणाऱ्या बायकांनी तो काढला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टर्टल रॉकवरच्या १८८७च्या दीपगृहाला कवेत घेऊन आपलं क्लबघर बांधलं. रांगेच्या टोकाचं दीपगृह तिथलंच. पण तो क्लब भेटीगाठींचा होता आणि अजूनही तसाच आहे. शर्यतीच्या बोटींशी त्याचा संबंध नव्हता. काठावर जमायला बायकांना मुभा होती. पाण्यावर स्पर्धा करायला नव्हती.

क्लब तर निघाला, पण शर्यत कुणाशी करायची? नदीवर बायकांचा दुसरा क्लबच नव्हता. सुरुवातीच्या काळात या बायका मुख्यतः आपापसांतच शर्यती लावत. त्या काळात बायकांच्या रोइंगकडे कसं पाहत असत ते समजायला इंग्लंडचं एक उदाहरण पुरेसं आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या मुलींची पहिली लढत १९२७मध्ये झाली, तेव्हा दोन्ही बोटी शेजारीशेजारी सोडल्याच नाहीत. एकेक बोट स्वतंत्र पाण्यात उतरली, वेळही मोजली आणि बसण्या-वल्हवण्याची ढब कशी आहे यालाही गुण दिले. जोर लावून, चेहरा पिळवटून पुढे जाणं बाईला शोभत नाही, असं मत असल्यावर शर्यतीचंही असंच काहीतरी होतं. चौदा नंबरच्या घरातल्या बायकांना मात्र शर्यतच हवी होती, आणि ती मिळवायला त्यांना सुमारे तीस वर्षं लागली.

अमेरिकेतला बायकांचा पहिला रोइंग क्लब हा नव्हे, हेही नोंदवते, कारण इथे कधीकधी तसं सांगितलं जातं. तो मान पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅन दिएगोच्या झेडएलएसी क्लबचा, १८९२चा. झुलेट लॅम्ब आणि लेना, अॅग्नेस, कॅरोलिन या तीन पोलहेमस बहिणी, अशा चौघींच्या नावांची आद्याक्षरं जोडून हे नाव तयार झालं. त्यांच्या क्लबघराची कथा मला फिलाडेल्फियाच्या कथेशेजारी ठेवावीशी वाटते. १९३२मध्ये मिशन बेच्या काठी त्यांनी जे घर बांधलं, त्याचा आराखडा लिलियन राइसने केला. ती स्वतः वास्तुरचनाकार, बर्कलीच्या विद्यापीठातून १९१०मध्ये पदवी घेतलेली, आणि याच क्लबची सभासद. म्हणजे बोटी कुठे राहतील, सभासद कुठे बसतील, पाण्याकडे दार कसं उघडेल हे सगळं अशा बाईने ठरवलं जी स्वतः पाण्यावर जात होती. एकीकडे बायकांनी बायकांसाठी रेखाटलेलं घर, दुसरीकडे स्केटिंगवाल्यांनी सोडलेलं आणि बायकांनी आपलंसं केलेलं घर. दोन्ही क्लब आज चालू आहेत.

युद्धानंतर युरोपात चित्र बदललं. १९५४पासून बायकांची युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि पूर्व युरोपातले देश तिथे भरभरून पदकं जिंकू लागले. अमेरिका त्यात कुठेच नव्हती. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला देशातल्या मूठभर महिला क्लबांनी एकत्र येऊन नॅशनल विमेन्स रोइंग असोसिएशन काढली. फिलाडेल्फिया तिच्या मुळाशी होती. १९६६मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. आणि १९६७मध्ये चौदा नंबरच्या घराची एट फ्रान्समधल्या व्हिशी इथे युरोपियन स्पर्धेत उतरली. अमेरिकेकडून परदेशात अशा स्पर्धेला गेलेली बायकांची ही पहिली एट. एर्नेस्टीनच्या पुढाकाराशिवाय ती गेली नसती. तिची मुलगी टीना त्या बोटीत वल्ह्यावर होती. पदक मिळालं नाही. सरकारी पाठबळावर बारमाही सराव करणाऱ्या संघांसमोर, नोकरी सांभाळून पहाटे वल्हवणाऱ्या बायकांना ते मिळण्याची शक्यता कमीच होती. पण स्पर्धेच्या कागदावर अमेरिकेचं नाव आलं, आणि एकदा आलेलं नाव काढून टाकणं कठीण असतं.

पुढच्या नऊ वर्षांत ऑलिंपिक आलं. १९७६ला माँट्रियलमध्ये बायकांचं रोइंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये घेतलं गेलं, तेही पुरुषांच्या निम्म्या अंतरावर, एक हजार मीटर. बायकांना पूर्ण दोन हजार मीटर मिळायला १९८८ उजाडलं. माँट्रियलमध्ये अमेरिकेच्या एटला कांस्यपदक मिळालं. त्या बोटीत अनिता डीफ्रांझ होती; पेनसिल्वेनिया विद्यापीठात कायदा शिकता शिकता ती याच बोटहाऊस रोवरच्या दहा नंबरच्या घरातून, व्हेस्पर क्लबकडून सराव करत असे. व्हेस्परने १९७०मध्ये बायकांना घ्यायला सुरुवात केली होती. एका घराने दाखवलेली वाट दुसऱ्या घरांनी धरायला बत्तीस वर्षं लागली. पुढे आठ वर्षांनी, १९८४ला, अमेरिकेच्या बायकांच्या एटने सुवर्णपदक जिंकलं.

घर आणि खोली या गोष्टींना मी एवढं महत्त्व का देते, हे सांगायला त्याच १९७६मधली आणखी एक घटना सांगते. फिलाडेल्फियाची नाही, येल विद्यापीठाची. येलचं बोटहाऊस कनेटिकटमधल्या डर्बी इथे, विद्यापीठापासून बसने अर्ध्या तासावर. मुलींचा संघ होता, जिंकणाराही होता, पण बोटहाऊसमध्ये त्यांना अंघोळीची सोय नव्हती. सराव संपला की मुलं गरम पाण्याने न्हायला जात आणि मुली घामाने, नदीच्या पाण्याने भिजलेल्या कपड्यांत, थंडीत, बसमध्ये त्यांची वाट पाहत बसत. मुली आजारी पडू लागल्या. मागण्या करून झाल्या, उपयोग झाला नाही. शेवटी ३ मार्च १९७६ रोजी एकोणीस मुली विद्यापीठाच्या महिला क्रीडा संचालकांच्या कार्यालयात गेल्या, अंगावरचे कपडे उतरवले, आणि त्यांच्या उघड्या पाठींवर व छातीवर निळ्या शाईत ‘टायटल नाइन’ लिहिलेलं होतं. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलामुलींत भेदभाव करता येणार नाही, असं सांगणारा तो १९७२चा कायदा. संघाची कर्णधार क्रिस अर्न्स्ट हिने निवेदन वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बातमी देशभर गेली, आणि मग सोय झाली. हीच क्रिस पुढे ऑलिंपिकला गेली, जागतिक विजेती झाली, आणि बॉस्टनमध्ये प्लंबर म्हणून तिने स्वतःचा व्यवसाय उभा केला. नळाचं पाणी लोकांच्या घरात पोचवण्याचं काम तिने निवडलं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

येलच्या मुलींकडे बोटी होत्या, प्रशिक्षक होता, विद्यापीठाचं नाव होतं. पण छप्पर दुसऱ्यांचं होतं. चौदा नंबरच्या बायकांकडे यांतलं फारसं काही नसताना छप्पर स्वतःचं होतं. त्यामुळे कपडे कुठे बदलायचे, हा प्रश्न त्यांना कुणाच्या दारात न्यावा लागला नाही.

एर्नेस्टीन १९८४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय रोइंग हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाली, तिथे मान मिळालेली पहिली स्त्री. तोवर ती नवऱ्याबरोबर न्यू हॅम्पशरला राहायला गेली होती आणि समुद्रावर चालतील अशा रोइंग बोटींच्या प्रसारात रमली होती. नव्वदी ओलांडल्यावरही तिने वल्ही सोडली नाहीत. २००६मध्ये, सत्त्याण्णव वर्षांची असताना ती गेली. इथले लोक तिला अमेरिकेतल्या स्त्रियांच्या रोइंगची आई म्हणतात.

मराठी माणसाला रोइंग अगदीच परकं नाही. पुण्यात सीओईपीचा बोट क्लब आणि त्याचा रेगाटा पिढ्यानपिढ्या चालत आलाय, नदीकाठी बसून तो पाहिलेले कितीतरी जण हे वाचत असतील. चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेला, पुण्यात खडकीला वल्हवायला शिकला आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला. ज्या गावात प्यायला पाणी नव्हतं तिथला मुलगा पाण्यावरच्या खेळात एवढा पुढे गेला, कारण सैन्याने त्याला बोट दिली, प्रशिक्षक दिला आणि रोज जायला जागा दिली. आपल्याकडच्या धरणांच्या पाण्यावर मुलींसाठी अशी जागा किती ठिकाणी आहे, हा प्रश्न मी इथे बसून विचारते, आणि ज्यांच्या हातात जागा देणं आहे त्यांनी तो मनावर घ्यावा असं मला फार वाटतं.

फिलाडेल्फियात आलात तर रात्रीची रोषणाई जरूर बघा, पण एकदा सकाळी सहा-साडेसहालाही केली ड्राइव्हवर या. म्युझियमच्या मागे गाडी लावून नदीच्या काठाकाठाने चालायला लागलं की पंधरा मिनिटांत सगळी घरं संपतात. क्लबघरं खासगी आहेत, आत जाता येत नाही, पण बोटी बाहेर काढताना फुटपाथवरून दिसतात. आठ जणी बोट खांद्यावर घेऊन निघतात, नवव्या जागेवर बसून सुकाणू सांभाळणारी कॉक्स आज्ञा देत पुढे चालते; इथे ‘थांबा’ म्हणायला ती ‘वे इनफ’ असं ओरडते, म्हणजे बोट जिथे असेल तिथे थांबवायची. बोट पाण्यात ठेवतात, वल्ही अडकवतात आणि प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून बसतात. मे महिन्यात आलात तर शाळांच्या मुलामुलींची स्टोट्सबरी कप स्पर्धा मिळेल, ऑक्टोबरअखेरीस आलात तर हेड ऑफ द स्कूकल. दोन्ही स्पर्धांत मुलींच्या बोटी आता इतक्या असतात की त्यांचं कुणाला नवल वाटत नाही. स्पर्धेच्या दिवशी मात्र गाडी आणू नका. रस्ता बंद असतो आणि म्युझियमपासून चालतच यावं लागतं.